पेनंटची शर्यत आणि बॉस्टन रेड सॉक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट सरत आला की बॉस्टनच्या आसपासच्या मराठी घरांत तेच तेच प्रश्न सुरू होतात. मुलं शाळेतून लाल ‘बी’ची टोपी घालून येतात, ऑफिसात सकाळी सकाळी रात्रीच्या सामन्याची चर्चा असते, आणि गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटला जात असताना कोपऱ्यात कुणीतरी फोनवर स्कोअर बघत असतं. रेड सॉक्स ही माझी बेसबॉल टीम. शर्यत रंगात आली की मी रोज रात्री टीमच्या क्रमवारीचं टेबल बघितल्याशिवाय झोपत नाही. नव्याने गोडी लागलेले लोक मला जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र देते आहे. भारतात राहून पहाटे सामने बघणाऱ्यांनाही ती उपयोगी पडतील.

शर्यत म्हणजे नेमकं काय? फायनल तर पुढे असते ना?

फायनल पुढे असतेच, पण तिथपर्यंत पोचायचं कुणी हे ठरवणारी जी सहा महिन्यांची झुंज चालते, ती शर्यत. मेजर लीग बेसबॉलमध्ये (एमएलबी) ३० टीम आहेत. अमेरिकन लीगमध्ये १५ आणि नॅशनल लीगमध्ये १५. प्रत्येक लीगच्या तीन डिव्हिजन, एकेका डिव्हिजनमध्ये पाच टीम. रेड सॉक्स अमेरिकन लीगच्या पूर्व डिव्हिजनमध्ये आहेत. सोबतीला न्यू यॉर्क यँकीज, टोरांटो ब्लू जेज, टँपा बे रेज आणि बाल्टिमोर ओरिओल्स. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत प्रत्येक टीम १६२ सामने खेळते. त्यानंतर प्रत्येक लीगमधून सहा टीम पुढे जातात, तिन्ही डिव्हिजनचे विजेते आणि उरलेल्यांपैकी सर्वांत चांगली कामगिरी असलेल्या तीन. या तिघांना वाइल्ड कार्ड म्हणतात.

सप्टेंबर लागतो तेव्हा बऱ्याच टीमचं भवितव्य जवळपास ठरलेलं असतं. ज्या टीम एक-दोन सामन्यांच्या अंतराने एकमेकींच्या मागे-पुढे असतात, त्यांच्यासाठी मात्र प्रत्येक रात्र मोलाची होते. याच टप्प्याबद्दल मी बोलते आहे.

मग पेनंट कुणाला मिळतं?

पेनंट म्हणजे लीगचं विजेतेपद. १९६८ पर्यंत हिशेब सरळ होता. लीगमध्ये सगळ्यांत जास्त सामने जिंकणारी टीम थेट वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या फायनलमध्ये, जायची, बाकीचे घरी. १९६९ पासून डिव्हिजन आल्या, त्यामुळे आता लीगची अंतिम मालिका जिंकणाऱ्याला पेनंट मिळतं. तरी लोक सप्टेंबरच्या झुंजीला अजूनही पेनंट रेसच म्हणतात, आणि मीही तेच म्हणणार.

टेबल कसं वाचायचं? आधी कुठला आकडा बघायचा?

पराभवांचा.

हे मी सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगते. टेबलात जिंकलेले सामने, हरलेले सामने, टक्केवारी आणि पहिल्या टीमपेक्षा किती सामने मागे, असे चार रकाने असतात. नवखा माणूस चौथा रकाना बघतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. दोन टीमच्या विजयांतला फरक आणि पराभवांतला फरक यांची बेरीज करून निम्मी केली की ‘किती मागे’ हा आकडा येतो, म्हणून त्यात अर्धेही दिसतात. पावसामुळे आणि सुट्टीच्या दिवसांमुळे सगळ्या टीमचे सामने सारखे झालेले नसतात. ज्या टीमचे सामने कमी झाले आहेत तिला राहिलेले सामने जिंकता येतील. हरलेला सामना मात्र काही केल्या परत मिळत नाही. तुमच्या टीमचे पराभव वरच्या टीमइतकेच असतील, तर आपलं नशीब आपल्या हातात आहे असं समजा. पराभव जास्त असतील तर दुसऱ्या कुणीतरी हरावं लागणार.

खरं उदाहरण देते. ३० सप्टेंबर १९६७ ची सकाळ. मिनेसोटा ट्विन्स ९१ विजय, ६९ पराभव. रेड सॉक्स ९० विजय, ७० पराभव. डेट्रॉइट टायगर्स ८९ विजय, ६९ पराभव. रेड सॉक्स आणि टायगर्स दोघंही एकेक सामना मागे. चौथ्या रकान्यात दोघांमध्ये काहीच फरक नाही. पण टायगर्सचे चार सामने शिल्लक होते आणि पराभव ट्विन्सइतकेच होते. चारही जिंकले असते तर त्यांच्या पुढे कुणालाही जाता आलं नसतं. रेड सॉक्सचे दोनच सामने उरलेले. ते दोन्ही जिंकूनही टायगर्सनी हरायची वाट बघणं त्यांच्या वाट्याला होतं. हा सगळा ताण एका रकान्यात दिसतो.

मॅजिक नंबर कसा काढतात?

पहिल्या टीमची जागा पक्की व्हायला तिचे विजय आणि पाठलाग करणाऱ्या टीमचे पराभव मिळून अजून किती हवेत, तो मॅजिक नंबर. १६३ मधून पहिल्या टीमचे विजय वजा करा, मग पाठलाग करणाऱ्या टीमचे पराभव वजा करा. समजा वरच्या टीमचे ९० विजय आणि ६४ पराभव आहेत, दुसरीचे ८७ विजय आणि ६६ पराभव. १६३ वजा ९० वजा ६६, म्हणजे ७. वरची टीम जिंकली की एक कमी, दुसरी हरली की एक कमी, दोन्ही एकाच रात्री झालं तर दोन कमी. शून्यावर आला की काम झालं. बरोबरी झाल्यावर वरच्याच टीमला जागा मिळणार हे आधीच पक्कं असेल, तर १६३ ऐवजी १६२ धरायचे. आपली टीम मागे असताना हाच आकडा उलट्या बाजूने बघावा लागतो, आणि तेव्हा तो फार झपाट्याने उतरतो असं वाटतं.

१६२ सामन्यांत एप्रिलमधल्या एका सामन्याला काय किंमत?

सप्टेंबरच्या सामन्याइतकीच. क्रिकेट बघत वाढलेल्या आपल्या लोकांना हे पटायला वेळ लागतो. आयपीएलच्या साखळीत एका संघाचे १४ सामने असतात, त्यामुळे प्रत्येक सामन्याचं वजन लगेच जाणवतं. इथे एप्रिलमध्ये थंडीत कुडकुडत हरलेला सामना आठवड्याभरात कुणाच्या लक्षातही राहत नाही. टेबल मात्र तो विसरत नाही.

रेड सॉक्सच्या चाहत्यांना याचा सर्वांत कडू धडा १९७२ मध्ये मिळाला. त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला खेळाडूंचा संप झाला आणि हंगाम उशिरा सुरू झाला. संपात बुडालेले सामने पुन्हा खेळवायचे नाहीत असं ठरलं. त्यात डेट्रॉइटचे सहा सामने गेले, बॉस्टनचे सात. हंगामाच्या शेवटी डेट्रॉइट ८६ विजय आणि ७० पराभव, बॉस्टन ८५ विजय आणि ७० पराभव. पराभव सारखे! डेट्रॉइट एक सामना जास्त खेळले आणि जिंकले, म्हणून डिव्हिजन त्यांची. बॉस्टनला तो एक सामना खेळायलाच मिळाला नाही. पराभवांच्या रकान्यावर मी इतका विश्वास ठेवते, पण या वर्षी त्यानेही दगा दिला. शेवटच्या मालिकेत डेट्रॉइटमध्ये बॉस्टनचा लुईस अपारिसिओ तिसऱ्या बेसवरून (रन काढायला ओळीने गाठायच्या चार थांब्यांपैकी एक) वळताना घसरून पडला, रन गेला आणि पहिला सामनाही गेला. जुने चाहते त्या घसरण्याबद्दल बोलतात. मला तो न खेळलेला सातवा सामना जास्त लागतो.

सगळे १९६७ बद्दल इतकं का बोलतात?

कारण ती मला माहीत असलेली सर्वांत सुंदर शर्यत आहे, आणि आज रेड सॉक्सचं जे वेड न्यू इंग्लंडभर, म्हणजे बॉस्टनच्या आसपासच्या राज्यांत, दिसतं त्याची मुळं त्या उन्हाळ्यात आहेत.

१९६६ मध्ये रेड सॉक्स दहा टीमच्या लीगमध्ये नववे होते. ७२ विजय, ९० पराभव. त्यांच्या फेनवे पार्क या मैदानात वर्षभरात जेमतेम आठ लाख लोक आले. पुढच्या वर्षी डिक विल्यम्स नावाचा नवा मॅनेजर, म्हणजे टीमचा मुख्य प्रशिक्षक, आला. शिस्तीचा कडक, आणि आम्ही हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकू एवढंच वचन देणारा. जुलैमध्ये टीमने सलग दहा सामने जिंकले आणि विमानतळावर त्यांना बघायला हजारो लोक लोटले. मग १८ ऑगस्टला तरुण, लाडका टोनी कोनिग्लिआरो याच्या चेहऱ्यावर चेंडू लागला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. टीम तरीही टिकून राहिली.

सप्टेंबरमध्ये चार टीम एकमेकींना चिकटून होत्या. बॉस्टन, डेट्रॉइट, मिनेसोटा आणि शिकागो व्हाइट सॉक्स. शिकागो शेवटच्या शुक्रवारी बाद झाले. शनिवारी आणि रविवारी ट्विन्स फेनवेत आले. तिकडे डेट्रॉइटला पावसामुळे दोन दिवसांत चार सामने खेळायचे होते.

कार्ल यास्त्रेम्स्की, सगळे त्याला ‘याझ’ म्हणतात, त्या पंधरवड्यात जसा खेळला तसं सप्टेंबरच्या दडपणाखाली कुणी खेळल्याचं मला माहीत नाही. शेवटच्या १२ सामन्यांत ४४ वेळा बॅटिंगला येऊन २३ हिट, म्हणजे २३ वेळा चेंडू मारून सुखरूप बेस गाठला. शनिवारी त्याने तीन रनांचा होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर) मारला आणि बॉस्टन ६-४ ने जिंकलं. डेट्रॉइट एक जिंकले, एक हरले. शनिवारी रात्री बॉस्टन आणि मिनेसोटा बरोबरीत, डेट्रॉइट अर्धा सामना मागे.

रविवारी, १ ऑक्टोबरला, बॉस्टनचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता जिम लॉनबोर्ग. सहाव्या इनिंगपर्यंत ट्विन्स २-० ने पुढे. (इनिंग म्हणजे दोन्ही टीमची बॅटिंगची एकेक पाळी. तीन बाद झाले की पाळी संपते. सामन्यात अशा नऊ, बरोबरी असेल तर जादा.) इनिंगची सुरुवात लॉनबोर्गचीच होती. पिचरला बसवून दुसरा बॅटर पाठवता आला असता, पण विल्यम्सनी त्यालाच पाठवलं. त्याने अलगद बंट टाकला, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू जवळच टेकवला, आणि पहिला बेस गाठला. पाठोपाठ दोन हिट, बेस भरले, आणि याझने सरळ मधोमध हिट मारून बरोबरी केली. त्या इनिंगमध्ये पाच रन झाले. आठव्यात ट्विन्स परत उसळले, तेव्हा बॉब ॲलिसनचा चेंडू डाव्या कोपऱ्यात गेला आणि याझने तिथून फेकून त्याला दुसऱ्या बेसवर बाद केलं. माझ्या मते तो थ्रो त्याच्या कुठल्याही होम रनपेक्षा मोठा आहे. शेवटचा उंच उडालेला चेंडू रिको पेट्रोसेलीने झेलला, ५-३, आणि लोक मैदानात घुसले.

पण शर्यत संपली नव्हती! डेट्रॉइटने दिवसातला पहिला सामना जिंकला होता. दुसरा जिंकले असते तर दोघांचे ९२-७० झाले असते आणि एक जादा सामना खेळावा लागला असता. बॉस्टनचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये रेडिओभोवती बसून राहिले. डेट्रॉइट ८-५ ने हरले, शेवटच्या चेंडूवर दोघं बाद झाले, आणि २१ वर्षांनी पेनंट बॉस्टनला आलं.

अंतिम टेबल असं: बॉस्टन ९२-७०, डेट्रॉइट ९१-७१, मिनेसोटा ९१-७१, शिकागो ८९-७३. याझला बॅटिंगची सरासरी, होम रन आणि रन आणणं या तिन्हींत अव्वल आल्याबद्दल तिहेरी मुकुट मिळाला: .३२६, ४४, १२१. वर्ल्ड सिरीज सेंट लुईसने सात सामन्यांत जिंकली. तरी ‘इम्पॉसिबल ड्रीम’ म्हणून हाच हंगाम ओळखला जातो, आणि फेनवेतली गर्दी एका वर्षात दुपटीहून जास्त वाढून १७ लाखांवर गेली.

आणि १९७८?

ते ऐकायचं असेल तर मन घट्ट करा.

जुलैच्या मध्यावर यँकीज १४ सामने मागे होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांनी फेनवेत येऊन चार सामन्यांत चारही जिंकले, एकूण रन ४२ विरुद्ध ९. आघाडी संपली. आठवडाभरात बॉस्टन साडेतीन सामने मागे पडलं. बहुतेक लोकांची गोष्ट इथेच थांबते आणि ‘बॉस्टन कोसळलं’ असा शिक्का बसतो. मला हे अन्यायाचं वाटतं. उरलेल्या १४ पैकी १२ सामने त्या टीमने जिंकले, त्यातले शेवटचे आठ सलग. शेवटच्या दिवशी यँकीज क्लीव्हलंडकडून हरले आणि दोघंही ९९-६३ वर आले.

२ ऑक्टोबरला एक जादा सामना. नाणेफेकीने तो फेनवेला मिळाला होता. बॉस्टन २-० ने पुढे. सातव्या इनिंगमध्ये बकी डेंट, ज्याने त्याआधी हंगामभरात फक्त चार होम रन मारले होते, त्याने माइक टोरेझचा चेंडू डावीकडच्या उंच हिरव्या भिंतीपलीकडे टाकला. तीन रन. शेवटी ५-४. शेवटचा बॅटर याझ, दोघं बाद, बरोबरीचा रन तिसऱ्या बेसवर, आणि त्याचा चेंडू वर उडून तिसऱ्या बेसपाशी झेलला गेला. ९९ सामने जिंकणारी टीम घरी गेली. त्या काळी वाइल्ड कार्ड नव्हतं.

आपली टीम खेळत असताना लोक दुसऱ्यांचे स्कोअर का बघत बसतात?

कारण शर्यतीत तुमची टीम एकटी धावत नाही. फेनवेच्या त्या हिरव्या भिंतीवर, तिची उंची सुमारे ११.३ मीटर, हाताने बदलायचा स्कोअरबोर्ड आहे. भिंतीच्या आत माणसं बसतात आणि बाहेरगावच्या सामन्यांच्या पाट्या बदलतात. सप्टेंबरमध्ये मैदानात काहीही घडलेलं नसताना अचानक स्टेडियम ओरडतं, तेव्हा समजावं की न्यू यॉर्कच्या नावासमोर समोरच्या टीमचा मोठा आकडा लागला.

याची सर्वांत भयंकर रात्र २८ सप्टेंबर २०११. महिन्याच्या सुरुवातीला रेड सॉक्स वाइल्ड कार्डच्या शर्यतीत टँपा बे रेजपेक्षा नऊ सामने पुढे होते. मग २७ सामन्यांत ७ विजय, २० पराभव. शेवटच्या दिवशी दोघं बरोबरीत. बॉस्टन बाल्टिमोरमध्ये ३-२ ने पुढे असताना पाऊस आला आणि खेळ जवळपास दीड तास थांबला. त्या वेळी टँपा बेच्या मैदानावर यँकीज ७-० ने पुढे होते. यँकीज जिंकावेत म्हणून बॉस्टनभर प्रार्थना चालली होती, हे चित्र परत कधी दिसेल असं मला वाटत नाही. आठव्या इनिंगमध्ये टँपाचे सहा रन झाले. नवव्यात दोन बाद आणि दोन स्ट्राइक (तिसऱ्या स्ट्राइकला बॅटर बाद) असताना डॅन जॉन्सनने होम रन मारून बरोबरी साधली. तिकडे बाल्टिमोरमध्ये जोनाथन पॅपेलबॉनने पहिले दोन बॅटर बाद केले, एकच हवा होता. डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारी हिट), पुन्हा डबल, मग रॉबर्ट अँडिनोची डावीकडे हिट. ४-३. तीनेक मिनिटांत, बाराव्या इनिंगमध्ये, इव्हान लाँगोरियाने टँपाला जिंकून दिलं. टँपा ९१-७१, बॉस्टन ९०-७२.

बरोबरी झाली तर आता जादा सामना का होत नाही?

२०२२ पासून तो बंद झाला. आता आधी त्या दोन टीमचे हंगामातले आपसांतले सामने बघतात. तेही सारखे असले तर आपल्या डिव्हिजनमधली कामगिरी, आणि पुढे आणखी निकष. किती रनांनी जिंकलो याला स्थान नाही, म्हणजे आपल्या ओळखीच्या नेट रन रेटसारखं काही नाही. २०२५ मध्ये ब्लू जेज आणि यँकीज दोघंही ९४-६८ वर संपले. आपसांतले १३ पैकी ८ सामने टोरांटोने जिंकले होते, म्हणून डिव्हिजन त्यांना मिळाली.

मला हा बदल पटलेला नाही. वेळापत्रक भरगच्च झालं आहे हे खरं, तरी सहा महिने खेळून बरोबरीत आलेल्या दोन टीमचा निकाल मैदानात लागायला हवा. १९४८ मध्ये क्लीव्हलंडने आणि १९७८ मध्ये यँकीजनी असा सामना फेनवेतच जिंकून आम्हाला रडवलं, तरीही माझं मत हेच आहे. एक मात्र झालं, की आता मे महिन्यात टोरांटोशी खेळताना तिन्ही सामने डोळ्यांत तेल घालून बघावे लागतात.

वाइल्ड कार्डमुळे शर्यतीतली मजा गेली का?

काही अंशी. दोन उत्तम टीममधली, एकालाच जागा देणारी झुंज आता क्वचित होते, कारण हरणारा वाइल्ड कार्डने आत येतो. २०२५ मध्ये क्लीव्हलंड गार्डियन्सनी डेट्रॉइटची साडेपंधरा सामन्यांची आघाडी खाऊन डिव्हिजन जिंकली. इतकी मोठी पिछाडी याआधी कुणी भरून काढली नव्हती. डेट्रॉइट वाइल्ड कार्डने आत आले आणि त्यांनी पहिल्याच मालिकेत क्लीव्हलंडला बाहेर काढलं. क्लीव्हलंडच्या चाहत्यांसाठी वाईट वाटलं.

पण दुसरी बाजू आहे. २०२१ मध्ये शेवटच्या दिवसापर्यंत चार टीम दोन जागांसाठी भांडत होत्या. बॉस्टन, यँकीज, टोरांटो आणि सिअॅटल. रेड सॉक्स वॉशिंग्टनमध्ये ५-१ ने मागे पडले होते, आणि नवव्या इनिंगमध्ये राफाएल डेव्हर्सने होम रन मारून सामना ७-५ केला. तीन डिव्हिजन आणि वाइल्ड कार्ड नसतं तर त्या चौघांच्याही सप्टेंबरला काही अर्थ राहिला नसता.

सप्टेंबरमध्ये मॅनेजर वेगळं काय करतो?

टीममध्ये २६ ऐवजी २८ खेळाडू ठेवता येतात, आणि ते दोन जादा खेळाडू कसे वापरायचे यावर बरंच ठरतं. मुख्य प्रश्न पिचरांचा. सुरुवातीचे पाच पिचर आळीपाळीने येतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात उत्तम पिचर नेमका कुठल्या दिवशी पडतो हे दहा-बारा दिवस आधीपासून मोजावं लागतं. आज जिंकण्यासाठी त्याला एक दिवस लवकर आणलं, तर पुढची वेळही बदलते. शेवटच्या इनिंगांचे पिचर सलग तीन दिवस वापरायचे की नाही, हा रोजचा वाद. ३१ ऑगस्टनंतर बाहेरून घेतलेला खेळाडू पुढच्या फेऱ्यांत खेळू शकत नाही, त्यामुळे घरात आहे त्यातच भागवायचं असतं.

भारतातून सामने किती वाजता दिसतात?

उन्हाळी वेळेनुसार बॉस्टन भारतापेक्षा साडेनऊ तास मागे. संध्याकाळी ७:१० चा सामना भारतात पहाटे ४:४० ला सुरू होतो. आता पिचरला घड्याळाची मर्यादा असल्यामुळे सामना साधारण पावणेतीन तासांत संपतो, म्हणजे साडेसातपर्यंत ऑफिसची तयारी करायला मोकळे. टीम कॅलिफोर्निया किंवा सिअॅटलला गेली तर सकाळी ७:४० च्या आसपास सुरू होतो, जो बॉस्टनमध्ये राहणाऱ्यांना अर्ध्या रात्रीपर्यंत जागवतो पण पुण्या-मुंबईच्या माणसाला चहासोबत बघता येतो. रविवारी दुपारी १:३५ चा सामना भारतात रविवारीच रात्री ११:०५ ला. आई-बाबांना पहिल्यांदा दाखवायचा असेल तर हाच निवडा. एमएलबीच्या ॲपवर थेट प्रक्षेपण आणि रेडिओ समालोचन दोन्ही मिळतं. बॉस्टन परिसरात टीव्हीवर नेसन वाहिनी आणि रेडिओवर डब्ल्यूईईआय. स्वयंपाक करताना, गाडी चालवताना रेडिओच खरा. बेसबॉलच्या संथ लयीला तो छान जुळतो.

सगळेच्या सगळे सामने बघायला हवेत का?

मुळीच नाही. एप्रिल ते जुलै आठवड्यातून एखादा पूर्ण बघा आणि रोज सकाळी टेबल बघा. दोन मिनिटं पुरतात. खेळाडूंच्या सवयी त्यातूनच कळतात, कोण डावखुऱ्या पिचरपुढे अडखळतो, कुणाचा हात किती लांबून फेकतो. त्या माहितीशिवाय सप्टेंबरचा ताण वरवरचा राहतो. ऑगस्टच्या मध्यापासून मात्र रोज थोडं तरी ऐका.

यँकीजचा द्वेष करावाच लागतो का?

नाही. स्पर्धा खरी आहे आणि फेनवेत त्यांच्याविरुद्धच्या घोषणा तुम्हाला ऐकू येतीलच. पण ज्या टीमने १९४९ मध्ये शेवटच्या दोन दिवसांत एका सामन्याची पिछाडी भरून काढत आमच्याकडून पेनंट ओढून नेलं, तिच्याबद्दल मला आदर वाटतो. लहान मुलांना टीमवर प्रेम करायला शिकवा. न्यू जर्सीतल्या चुलत भावंडांशी भांडायला ती आपोआप शिकतात.

सप्टेंबरमध्ये फेनवेला जायचं असेल तर?

ग्रीन लाइनने केनमोर स्टेशनला उतरा, तिथून चालत पाच-सात मिनिटं. गाडी नेऊ नका. रात्री गारठा असतो, जाड स्वेटर बरोबर ठेवा. बसायची जागा निवडताना डावीकडची भिंत आणि तिच्यावरचा स्कोअरबोर्ड दिसेल अशी घ्या. भिंतीवरच्या जागा प्रसिद्ध आहेत, पण तिथे बसलं की पायाखालचा स्कोअरबोर्डच दिसत नाही, आणि शर्यतीच्या दिवसांत मला तो हवाच असतो.

हंगामाचा शेवटचा दिवस कसा बघायचा?

शेवटच्या रविवारी आता सगळे सामने जवळपास एकाच वेळी, दुपारी तीनच्या सुमारास सुरू होतात, म्हणजे कुणालाही दुसऱ्याचा निकाल आधी कळून निवांत खेळता येऊ नये. भारतात तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजून गेलेले असतात. टीव्हीवर आपला सामना, लॅपटॉपवर ज्याच्याशी शर्यत आहे त्याचा, आणि कागदावर तीन रकाने: टीम, विजय, पराभव. शेजारी आपसांतल्या सामन्यांचा हिशेबही आधीच लिहून ठेवा, बरोबरी झाली तर शोधाशोध नको. शनिवारी रात्रीच सगळे पर्याय मांडून बघा, कोण हरलं तर काय होईल ते. आणि सोमवारी सकाळची मीटिंग जमलं तर पुढे ढकला.